कसाला लागलेलं कार्ड

मी एक जुनं क्रेडिट कार्ड आहे, मित्रांनो. रंगाने सोनेरी आणि जातीने प्लास्टिक. सध्या माझा मुक्काम विट्याला, सोनियाच्या पर्समधल्या मधल्या कप्प्यात आहे. माझ्या उजव्या अंगाला टिकल्यांचं पाकीट, डाव्या अंगाला सेफ्टी पिना, आणि पायाशी औषधाच्या दुकानदाराने सुट्ट्या पैशांऐवजी दिलेलं एक चॉकलेट, जे आता कुणी खाण्याच्या पलीकडे गेलं आहे. शेजार चांगला आहे. इथे कुणी कुणावर जळत नाही. जळण्याचं सगळं काम मी एकट्याने केलं, आणि आज तेच तुम्हाला सांगणार आहे.

इतर वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की त्याग सांगतात. खुर्ची म्हणते, मी सगळ्यांना बसवलं. छत्री म्हणते, तुम्ही कोरडे राहावं म्हणून मी भिजले. माझ्याकडे तसला त्याग नाही. माझ्याकडे मत्सर आहे. पण तो मात्र बावनकशी आहे.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. एका यंत्राने माझ्या छातीवर चिप बसवली, दुसऱ्याने नाव उठवलं आणि तिसऱ्याने तारीख टाकली. माणसाला आपल्या जन्माची तारीख माहीत असते आणि मरणाची नसते. आमचं उलटं असतं. आम्ही केव्हा जन्मलो हे कुणी विचारत नाही. आम्ही केव्हा संपणार हे मात्र अंगावरच छापलेलं असतं आणि जो तो मशीनवाला ते वाचून बघतो. अशा जिवाला थोडा मत्सर माफ असावा.

माझे मालक शंभूराज हे गलाईवाले. गलाई म्हणजे जुनं सोनं वितळवून त्यातली भेसळ काढायची आणि ते शुद्ध करायचं. विट्याकडची माणसं हा धंदा देशभर करतात. शंभूराजांचं दुकान तिकडे तमिळनाडूत, सेलमला. घर विट्यात, भट्टी सेलमला, आणि माणूस बहुतेक वेळ भट्टीपाशी. अशी सगळी माणसं दिवाळीला गावी येतात, हे साताऱ्याच्या एका बँकेला कळलं. तिने ऐन दिवाळीत विट्याच्या बाजारात एक टेबल मांडलं, वर छत्री लावली आणि छत्रीखाली ऋचा नावाची एक हसतमुख मुलगी बसवली.

"सर, हे गोल्ड कार्ड आहे," ती म्हणाली. "आजीवन मोफत."

"कुणाचं आजीवन?" शंभूराजांनी विचारलं.

"तुमचं, सर."

"माझं व्हय? मग हरकत न्हाई. बँकेचं म्हणला आसता तर इचार केला आसता."

असा मी त्यांच्या घरी आलो. अंगणात सगळ्यांसमोर पाकीट फोडलं गेलं. मला वाटलं, आता ओवाळणार. शंभूराजांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला, कसोटीचा काळा दगड काढला आणि माझा कोपरा त्याच्यावर खसकन घासला.

सेलममधला त्यांचा भागीदार गुंडा तेव्हा शेजारीच उभा होता. तो वाकून म्हणाला, "काय कस लागला रं?"

"न्हाई गड्या. रंग गेला नुसता."

"मग सोनं न्हाई तर सोनेरी कशाला केलंय?" शंभूराजांच्या आई, तानुबाई, उंबऱ्यातून म्हणाल्या.

त्या दिवशी माझ्या कोपऱ्यावर एक ओरखडा उठला. तो अजून आहे. तेव्हा मला फार लागलं, मित्रांनो. पण पुढे कळलं की गलाईवाला ज्याला आपलं मानतो त्यालाच आधी दगडावर घासतो. तो ओरखडा म्हणजे त्या घरात माझं बारसं होतं.

मग माझी कामाची वर्षं सुरू झाली. मी शंभूराजांच्या मागच्या खिशात बसून त्यांच्या आकाराचा झालो. सेलमच्या दुकानातला नवा तराजू माझ्यावर आला, घरचा मिक्सर माझ्यावर आला, गाडीचे टायर माझ्यावर आले. काउंटरवर मला ठेवताना ते अंगठा असा ठेवत की 'गोल्ड' हा शब्द उघडा राहावा. माझ्यावर साठलेल्या पॉइंटांतून एकदा घरी चक्क एक इस्त्री आली. तानुबाईंनी ती गल्लीभर दाखवली. "काय पैसं न्हाईत, काय न्हाई, कार्डानं दिली," असं त्या सांगत. बायका येऊन इस्त्री बघून जात. मला कुणी बघितलं नाही. इस्त्रीचा मला थोडा हेवा वाटला, पण तो किरकोळ होता. घरातल्याच पोराचा बापाला वाटावा तसा.

नंतर चहाच्या टपरीवरसुद्धा ते चौकटी-चौकटींचे कागद चिकटले. माणसं खिशातून फोन काढून कागदाला दाखवू लागली. कागद, मित्रांनो! भिंतीला चिकटवलेला, एका कोपऱ्यातून सुटलेला, वर चहाचे डाग पडलेला कागद! आणि त्याच्यापुढे दिवसभर रांग. मी खिशात पडून आवाज ऐकायचो, "इतके रुपये प्राप्त झाले." माझ्यासाठी कुणी असं कधी ओरडलं नाही. तरीही मी मन आवरलं. गरिबाच्या दारातल्या गर्दीवर जळू नये.

पण लोखंड्या आला आणि माझा तोल गेला.

झालं असं की ऋचाला बढती मिळाली आणि तिने शंभूराजांना फोन केला. "सर, निवडक ग्राहकांसाठी मेटल कार्ड आलंय. पहिल्या वर्षी फी नाही. पुढेही खर्चाची अट पूर्ण केलीत तर फी माफ. आणि विमानतळावरच्या लाउंजमध्ये जेवण मोफत." निवडक म्हटल्यावर माणूस कितीही शहाणा असला तरी एक पाऊल पुढे येतोच. शंभूराज दोन पावलं आले.

ते एका डबीत आलं. आत मखमल, मखमलीवर ते. काळंशार, थंड, जड. माझं पाकीट साधं पोस्टातलं होतं, जिभेने ओली करून चिकटवलेलं. असो. मी वाट बघत होतो ती दगडाची. आता याचा कोपरा घासला जाणार, आता याचा रंग जाणार. शंभूराजांनी खिशात हात घातला. दगड काढला नाही. पिवळं फडकं काढलं, ज्याने ते शुद्ध सोन्याची लगड पुसतात. त्या फडक्याने त्यांनी ते कार्ड पुसलं, प्रकाशात धरलं आणि मग टेबलावर टाकून बघितलं.

खण्ण!

मी पडतो तेव्हा 'टप्' असा आवाज येतो. बिस्किटाचा पुडा पडल्यासारखा. त्या 'खण्ण'ने मला रात्रंदिवस छळलं आहे. मी त्याला मनातल्या मनात लोखंड्या म्हणू लागलो. त्याचं खरं नाव लांबलचक इंग्रजी होतं, पण मत्सराने ठेवलेली नावं नेहमी सुटसुटीत असतात.

पाकिटात जागा एकाचीच होती. शंभूराजांनी मला काढून आपल्या बायकोच्या हातात दिलं. "हे तू वापर. नंबर तुला म्हाईतच हाय."

आपलं कार्ड दुसऱ्याला देणं बँकेच्या नियमात बसत नाही. पण जुना फोन, जुनी दुचाकी आणि जुनं कार्ड बायकोला देणं घराच्या नियमात बसतं, आणि आमच्याकडे घराचे नियम आधीचे आहेत.

सोनिया माणदेशातली, दहिवडीकडची. तिचे वडील मेंढरं राखायचे. पाऊस नसलेल्या मुलखातल्या माणसाला कुठलीच गोष्ट आयती मिळेल असा भरवसा नसतो, त्यामुळे ती कधी रिकामी बसलेली मी पाहिली नाही. घराच्या पुढच्या खोलीत ती गाऊन आणि परकर विकायची. माल सांगलीहून आणायची, बायकांना हप्त्याने द्यायची. मी येण्याआधी माल आणायचा म्हणजे सेलमला फोन करावा लागे. तिकडे भट्टी पेटलेली असे. "संध्याकाळी बघतो," असं उत्तर येई. संध्याकाळपर्यंत सांगलीचा व्यापारी चांगले रंग दुसऱ्याला देऊन मोकळा होई, आणि सोनियाच्या वाट्याला मातकट रंगाचे गाऊन येत. ते विकता विकता तिच्या तोंडाला फेस येई.

माझ्यामुळे ते थांबलं. ती सकाळच्या एसटीने सांगलीला जायची, ताजे रंग आधी निवडायची, मला मशीनमध्ये घालायची आणि आकडे दाबताना पदर आडवा धरायची. बिलाची तारीख येण्याआधी माल विकून पैसे भरून मोकळी. परत आल्यावर दिवसाची भवानी झाली की मला कपाळाला लावायची. शंभूराजांनी मला कधी कपाळाला लावलं नव्हतं. ते मला मागच्या खिशात घालून माझ्यावर बसायचे.

एकच कटकट होती. मी वापरला गेलो की मेसेज सेलमला जायचा आणि लगेच फोन यायचा.

"काय घेतलंस गं?"

"गाऊन."

"कितीचं?"

"आवं, तुमच्या मोबाइलात आलंय की! मला कशाला इचारताय?"

खरं सांगायचं तर मी सुखात होतो. पण मत्सराला सुख पुरत नाही. दिवाळीला शंभूराज घरी आले की पाकीट आणि पर्स एकाच खुंटीला लटकत, आणि पलीकडून तो गार, जड, मखमलीचा वास मला यायचा.

अशात, शंभूराज गणपतीला घरी आलेले असताना, बँकेचा मेसेज आला. कार्डांच्या अटी बदलल्या. माझ्यावर वार्षिक फी बसली. मेसेज लांबलचक होता. शंभूराजांनी पहिल्या ओळीतली फी वाचली आणि साताऱ्याला फोन लावला.

"मॅडम, आजीवन मोफत म्हणाला होता तुमी."

"हो सर. ते त्या वेळच्या अटींनुसार होतं."

"मग आता?"

"अटी बदलण्याचा अधिकार त्याच अटींमध्ये दिलेला होता, सर."

शंभूराज फोन ठेवून म्हणाले, "दोन-दोन कशाला पोसायची? जुनं बंद करतो. खंडेनवमीला सेलमला चाललोयच आपण सगळी. तितनं फोन करतो आणि कापून टाकतो."

"ते माझं हाय," सोनिया म्हणाली.

"नाव माझं हाय त्याच्यावर."

"सातबाऱ्यावरबी तुमचंच हाय. ज्वारी कोण काढतंय?"

"अगं, गाऊनला पैसं लागलं तर मला सांग की. पाठवतो मी."

पर्स सोनियाच्या मांडीवर होती, आणि तिची बोटं कातड्यावरून मला चाचपत होती. ते चाचपणं मला कळलं. पुन्हा फोन, पुन्हा 'संध्याकाळी बघतो', पुन्हा मातकट रंग. मी मेलो असतो तर एक प्लास्टिकचा तुकडा मेला असता. तिचं मात्र स्वतःचं दुकान जाऊन पुन्हा नवऱ्याच्या दुकानाची एक खिडकी झाली असती.

आणि मी काय विचार करत होतो? खोटं कशाला सांगू. मी विचार करत होतो, 'लोखंड्या राहणार!'

तो राहावा म्हणून शंभूराजांनी केवढी खटपट केली होती! खर्चाची अट पूर्ण करायची म्हणून त्यांनी आईला सोन्याच्या पाटल्या केल्या. पण घरी सोनं, हातात धंदा, सेलममध्ये ओळखीचे डझनभर कारागीर असताना हा गलाईवाला सांगलीच्या सराफाच्या गादीवर जाऊन बसला आणि मजुरीसकट पाटल्या विकत घेऊन आला. का? तर खर्च कार्डावर दिसला पाहिजे! गुंडाने फोनवर ऐकलं तेव्हा तो म्हणाला, "शंभू, कोळ्यानं बाजारातनं मासं आणल्यासारखं झालं रं." शंभूराज म्हणाले, "तुला न्हाई कळायचं. बँक आता ओवाळंल मला."

खंडेनवमीच्या आधी आम्ही निघालो. पुण्याहून बंगळूरपर्यंत विमान आणि पुढे सेलमपर्यंत गाडी. तानुबाईंचा विमानाचा हा पहिलाच प्रवास. त्यांनी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदे असा शिधा बांधला.

"आई, भाकरी कशाला? विमानतळावर कार्डावर जेवण फुकट हाय. राजावाणी बसून खायचं."

"आसंना. राजाबी उपाशी राहतोय कवा कवा."

शिरवळला पंपावर गाडी थांबली. पेट्रोल लोखंड्यावर. मशीनच्या तोंडात तो डौलाने गेला आणि डौलाने बाहेर आला. मी पर्सच्या चेनीतून बघितलं. मला तर पंपावर कुणी विचारलंच नाही.

आणि मग ते लाउंज. काचेचं दार, आत मऊ खुर्च्या, आणि दारात एक टापटीप मुलगा. त्याच्या छातीवर 'अनीश' अशी पाटी. शंभूराजांनी त्याच्यासमोर लोखंड्या टाकला. खण्ण! आजूबाजूच्या दोघातिघांनी वळून बघितलं. मी डोळे मिटले. म्हणजे मिटले असते.

अनीशने कार्ड मशीनला लावलं. पुन्हा लावलं. "सर, हे होत नाहीये."

"होईल की. मेटल हाय ते." शंभूराजांनी कार्ड घेऊन पुन्हा टाकलं. खण्ण!

"सर, आवाज मला ऐकू आला," अनीश अदबीने म्हणाला. "पण मशीन पात्रता दाखवत नाहीये. आता अटी बदलल्या आहेत. मागच्या तीन महिन्यांत ठरावीक खर्च लागतो."

"खर्च? आई, हात दाखव जरा." तानुबाईंनी दोन्ही हात वर केले. पाटल्या झळकल्या. मागच्या रांगेतली एक बाई नीट बघायला पुढे सरकली. "ह्याच कार्डावर घेतल्यात ह्या! गेल्या महिन्यात!"

"सोन्याची खरेदी धरत नाहीत, सर."

"सकाळी पेट्रोल भरलं."

"पेट्रोलही नाही."

"मग धरता काय?"

अनीशने थोडा विचार केला. "बाकीचं सगळं, सर."

शंभूराज त्या काचेच्या दाराकडे बघत राहिले. "पोरा," ते हळूच म्हणाले, "मी सोन्याच्या धंद्यातला माणूस. सोनं सोडून दुसरं काय घिऊ मी?"

अनीशकडे याची अट नव्हती.

"आत खायला काय ठेवलंय?" तानुबाईंनी विचारलं.

"इडली, उपमा, फळांचा रस, आजी."

"इडली?" तानुबाई लेकाकडे वळल्या. "सेलमात रोज सकाळी इडलीच गिळतोस न्हवं तू? घरी आला की इडलीचं नाव काढू नगा म्हणतोस. आणि हितं तिच्यासाठी भांडतोयस? चल तिकडं खुर्चीवर."

मित्रांनो, त्या क्षणी मला जो आनंद झाला तो सांगण्यासारखा नाही, म्हणून नीट सांगतो. माझ्या मालकाची चार माणसांत फजिती झाली होती, म्हातारी उपाशी होती, आणि मी पर्समध्ये टिकल्यांच्या पाकिटाला टेकून हसत होतो. मत्सर माणसाला इतका लहान करतो. मी तर मुळातच लहान होतो.

खुर्च्यांवर फडकं पसरलं गेलं. भाकरी मोडली गेली. पर्स सोनियाच्या मांडीवर होती, त्यामुळे मी सगळं ऐकलं.

"एक बोलू का?" सोनिया म्हणाली.

"बोल. आज सगळीच बोलायला लागल्यात."

"दुकानात कोण छाप मारलेलं सोनं आणलं तरी तुमी इस्वास ठेवत न्हाई. आधी दगडावर घासता. माझं कार्डबी घासलं तुमी, आंगणात, सगळ्यांम्होरं. आणि ह्येला? ह्येला फडक्यानं पुसलं आणि खिशात घातलं. मेसेज आला तवाबी माझ्याच कार्डाचं वाचलं. ह्येचं वाचलं न्हाई."

शंभूराज भाकरी चावत राहिले.

"सून बरोबर बोलतीया," तानुबाई म्हणाल्या. "चटणी घे आधी. मग इचार कर."

मला वाटलं, झालं. लोखंड्या गेला. पण भाकरी संपल्यावर शंभूराजांनी लोखंड्या काढला, त्याला लागलेलं चटणीचं बोट पिवळ्या फडक्याने पुसलं आणि पुन्हा पाकिटात ठेवला. बघा! एवढ्या अपमानानंतरही पुसला!

सेलमला खंडेनवमीची पूजा मांडली. पाटावर तराजू, वजनं, सांडशी, सोनं वितळवायची मूस, कसोटीचा दगड. ज्या अवजाराने पोट भरतं त्याला त्या दिवशी हळदीकुंकू वाहायचं आणि दसऱ्यापर्यंत त्याला हलवायचं नाही. शंभूराजांनी पाकीट उघडून लोखंड्याही पाटावर ठेवला. सवयीने असेल. मग सोनिया पुढे आली, पर्स उघडली आणि मला दगडाच्या शेजारी ठेवलं.

गुंडा हसला. "वहिनी, ह्याची कसली पूजा? ह्याला तर उद्या कात्री लागणार हाय."

"तुमचा तराजू, माझं हे," सोनिया म्हणाली. "माझंबी पोट ह्याच्यावर हाय. कापायचं तर कापा. पर आज माझं अवजार हाय ते."

तानुबाईंनी कुंकवाची चिमूट घेतली आणि माझ्या बरोब्बर चिपवर दाबली. मग लोखंड्यावर दाबली. त्याच्या गुळगुळीत अंगावरून कुंकू घसरून पाटावर सांडलं. माझ्यावर मात्र ते बसलं, आणि इतकं बसलं की आजही सांगलीच्या दुकानातलं मशीन मला पहिल्या खेपेला ओळखत नाही. सोनियाला पदराने पुसून पुन्हा घालावं लागतं.

तो सगळा दिवस आम्ही पाटावर शेजारी शेजारी पडून होतो, मी आणि लोखंड्या. इतक्या जवळ कधी आलो नव्हतो. मी वाट बघितली की हा काही बोलेल, निदान भ्यालेला दिसेल. तो थंड होता. मला उद्याची धास्ती आणि हा असा थंड! त्याच्या थंडपणाचाही मला हेवा वाटला.

दसऱ्याला सकाळी शंभूराजांनी पूजा उतरवली. सगळ्यात आधी दगड हातात घेतला. मग लोखंड्या उचलला आणि त्याचा कोपरा दगडावर घासला. कर्रर्र! दगडालाच चरा पडला. शंभूराजांनी दगड उन्हात धरून बघितला, अंगठ्याने चाचपला. तो त्यांच्या वडिलांचा दगड होता.

मग त्यांनी बँकेच्या मदत केंद्राला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"एक कार्ड बंद करायचं हाय."

"जरूर, सर. कार्डाचे शेवटचे चार आकडे सांगाल?"

त्यांनी मला उचललं, मित्रांनो. मला! डोळ्यांजवळ धरलं. सोनिया दाराशी उभी होती, तिने पदराचं टोक मुठीत धरलं. शंभूराजांनी माझ्या अंगावरचं कुंकू बघितलं, कोपऱ्यावरचा ओरखडा बघितला. मग हात लांब केला आणि मला सोनियाच्या तळहातावर ठेवलं. "फी तुझी तू भरायची," ते म्हणाले.

"भरतेच की. आजवर बिल कोण भरतंय?"

आणि लोखंड्याचे चार आकडे त्यांनी एकेक करून वाचले.

पलीकडची बाई कळवळली. "सर, इतकं चांगलं कार्ड का बंद करताय? मी तुम्हाला बोनस पॉइंट देऊ शकते."

"सोनं घेतल्यावर मिळत्यात का पॉइंट?"

"नाही, सर."

"मग तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या."

"ठीक आहे, सर. कार्ड कात्रीने कापून टाका."

कात्री चालेना. पत्रा कापायची जाड कात्री आणली, तिच्या पात्याला खाच पडली. गुंडा म्हणाला, "घाल भट्टीत." आणि दसऱ्याच्या शुभ दिवशी, ज्या मुशीत फक्त सोनं जातं, त्या मुशीत लोखंड्या उभा राहिला. लालभडक झाला, वाकला, पण वितळला नाही. सोन्याच्या धगीला पोलाद दाद देत नाही. शंभूराजांनी सांडशीने त्याला बाहेर ओढला, आणि वाकडा झालेला तो तुकडा आता भट्टीतली राख ओढायला वापरतात.

म्हणजे बघा! मुशीचा मान त्याला, आणि बंद पडल्यावर नोकरीही त्यालाच! मला भट्टीत घातलं असतं तर वास आला म्हणून दुकानातून हाकललं असतं. मी जिंकलो होतो, सोनियाच्या मुठीत होतो, आणि तरीही त्या राखेतल्या तुकड्यावर जळत होतो. मत्सराला हरलेला शत्रूही चालतो.

विट्याला परतल्यावर सोनियाने स्वतः साताऱ्याला फोन लावला. "मॅडम, खर्च केला की ह्या कार्डाचीबी फी माफ हाय न्हवं? मग खर्चात काय काय धरता ते आधी सांगा. एकेक सांगा. सोनं न्हाई, पेट्रोल न्हाई, कळलं मला. गाऊन धरता का?"

"हो मॅडम, कपडे धरतात."

"परकर?"

"परकरही धरतात, मॅडम."

सोनियाने फोन ठेवला आणि बराच वेळ एकटीच हसत बसली. सोनं ज्या अटीत बसलं नाही त्या अटीत तिचे परकर बसले. आता मी सांगलीला गेलो की मेसेज अजूनही सेलमला जातो आणि फोनही येतो. फक्त प्रश्न बदलला आहे. "आगं, चांगलं रंग मिळालं का?" असं शंभूराज विचारतात.

मित्रांनो, आता माझी तारीख जवळ आली आहे. ती माझ्या छातीवरच आहे, लपवून चालत नाही. एक दिवस पोस्टाने पाकीट येईल आणि त्यात माझ्याच नावाचं, माझ्याच रंगाचं, कोऱ्या चिपचं एक पोर असेल. त्याला पहिल्या खेपेला मशीन ओळखेल. सोनिया त्याला कपाळाला लावेल. तो अजून छापला गेलेला नाही, तरी मला त्याचा राग येऊ लागला आहे.

म्हणून एकच मागणं. तुमच्या घरी कुठलंही कार्ड येऊ दे, सोनेरी, काळं, कसल्याही नावाचं. त्याच्याबरोबर आलेल्या अटी आणि नंतर बदललेल्या अटी, दोन्ही नीट घासून बघा. मोफत म्हटलं की विचारा, कुठवर? निवडक म्हटलं की विचारा, कशासाठी? आणि जे कार्ड तुमच्या घासाला उपयोगी पडतं त्याचं बिल वेळेवर भरा. आमची काळजी म्हणजे तेवढीच. मखमल नको.

आणि सोनियाला कुणी सांगणार असाल तर सांगा. ते नवं पोर आलं की त्याला फडक्याने पुसू नकोस. आधी अंगणात ने आणि सगळ्यांसमोर दगडावर घास. त्याच्याही कोपऱ्यावर एक ओरखडा असू दे. एवढं झालं तर मी त्याच्यावर जळणार नाही.

म्हणजे, फारसा नाही.